एनिडबाईंच्या पायाखाली

मित्रांनो, शॉवरखाली ज्याच्यावर उभे राहून अंघोळ करतात, तो पसरट पांढरा ट्रे म्हणजे मी. येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्ष नेहमी वरच्या चकचकीत नळाकडे जाते, माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. असू दे! इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावातल्या चढावरच्या घरात सग्डन पतिपत्नींनी मला कसे नेले, ते ऐका. मान नसली तरी मी ताठ मानेने का बोलतो, ते तुम्हाला कळेल.

दगडाची पूड आणि राळ कालवून मला साच्यात घडवले. अंग थोडे खरखरीत ठेवले आणि कड जेमतेम बोटभर उंच. दुकानात मला काळ्या तुळतुळीत ट्रेंच्या शेजारी जमिनीवर मांडले होते. खरे सांगायचे तर तिथे मला काडीचाही भाव नव्हता.

एके दिवशी एनिडबाई सग्डन काठी टेकत आल्या, सोबत नवरा विल्फ. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना घरच्या टबची उंच कड ओलांडता येत नव्हती. मुलगी गिलियन रोज येऊन त्यांचे अंग पुसून द्यायची.

"साठीला आलेली माझी लेक मला पातेलं घासावं तशी घासते," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "मला माझी अंघोळ मला करायची आहे. दाखवा काय असेल ते."

दुकानदार रंग सांगू लागला. एनिडबाईंनी खुर्चीत बसून बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी एकेका ट्रेवर उभ्या राहू लागल्या.

"अगं एनिड, लोक बघताहेत!" विल्फ कानापर्यंत लाल झाला.

"बघू देत. अंघोळ काय बूट घालून करू?"

काळ्या ट्रेवर त्यांचा पाय सरकला. मग त्या माझ्यावर आल्या. बोटे पसरली, टाच दाबली आणि म्हणाल्या, "हाच." मित्रांनो, त्या एका शब्दाने माझी छाती फुगली!

मला बसवायला क्रेग आला. त्याने टब उखडला, वाळू-सिमेंटचा माल पसरला, मला वर ठेवून पाणसळ लावून सपाटी तपासली. कामात तो वाकबगार होता, पण एका कोपऱ्याखाली माल कमी पडला आणि ते त्याच्या ध्यानात आले नाही. "उद्यापर्यंत कोणी हात लावू नका," असे बजावून तो गेला.

हात लावू नका म्हटल्यावर विल्फला राहवते थोडेच! त्याने कोपरा दाबला. मी डुगडुगलो. आता क्रेगला सांगावे, तर तो दिवसभर यांच्या घरचा चहा प्यालेला, वर चहाची तारीफ केलेली. आपल्या चहाची तारीफ करणाऱ्याच्या कामात खोट काढायची, म्हणजे या लोकांच्या जिवावर येते.

"एवढा गुणी माणूस, त्याला कुठल्या तोंडाने सांगू?" विल्फ पुटपुटला. पबमधले टेबल डुगडुगले की इथे सगळे जे करतात, तेच त्याने केले. बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या दुमडून माझ्या कोपऱ्याखाली सारल्या. सकाळी क्रेगने दाबून पाहिले, तर मी घट्ट! त्याने पाणी झिरपू नये म्हणून कडेच्या फटीत सिलिकॉन भरले आणि शीळ घालत निघून गेला.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. एनिडबाई एकट्या अंघोळ करायच्या, गायच्या. पण वजनाने पुठ्ठा चेपत गेला. एका सकाळी मी त्यांच्या पायाखाली हललो. त्यांनी भिंतीचा दांडा घट्ट पकडला आणि अंघोळ अर्धवट टाकून बाहेर आल्या.

खाली जाऊन त्या म्हणाल्या, "विल्फ, पाय गेला माझा. दगा देतोय. गिलियनला सांग, उद्यापासून पुन्हा ये."

मला ओरडून सांगावेसे वाटले, "बाई, पाय नाही, मी हललो!" पण ट्रेला वाचा कुठली? विल्फने मात्र बायकोचा पडलेला चेहरा पाहिला आणि तडक क्रेगला फोन लावला.

क्रेगने मला उचलले. खाली चपटा झालेला पुठ्ठा.

"विल्फकाका, हे न्हाणीघर आहे की पब?"

"तू नाराज होशील, म्हणून बोललो नाही रे."

दारात उभ्या एनिडबाई पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या. मला वाटले, आता विल्फची काही धडगत नाही. पण त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझा पाय धड आहे?"

"अगदी धड आहे, मिसेस सग्डन," क्रेग म्हणाला.

"मेल्या विल्फ!" असे म्हणून त्या रडता रडता हसू लागल्या.

या वेळी क्रेगने कोपऱ्याकोपऱ्यात माल दाबून भरला. तो सुकल्यावर गिलियन टॉवेल घेऊन हजर झाली. एनिडबाईंनी टॉवेल घेतला, तिला बाहेर ठेवले आणि दार लावले. मग आधी दुखरा पाय माझ्यावर टेकवला. मी तसूभरही हललो नाही.

मित्रांनो, आम्हाला बसवताना खाली कुठे पोकळ ठेवू नका, आणि राहिलेच तर भीड न धरता सांगा. आणि कधी उभ्या उभ्या तोल गेला, तर लगेच आपल्या पायाला दोष देऊ नका. आधी वाकून खाली बघा.