ठमीबाईचे धवले

“आधी वायर काढा, मास्तर! चालू ठेवू नका!”

तुकाराम मास्तरांचा हात तसाच राहिला. टेबलावरची हार्ड डिस्क टक् टक् करत होती, थांबत होती, पुन्हा टक् टक्. शेवटी ओरडणाऱ्या दिपेशनेच वायर उपटली. किहीमच्या नाक्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

“सकाळपासून किती वेळा लावलीत?”

“दहा-बारा. वाटलं, एखाद्या वेळी उघडेल.”

“अहो, दर वेळी आतली सुई चकतीवर घासत असणार! गणपतीत काय बोललेलो मी? फाइल उघडायला मिनिट लावते, मधेच फोल्डर गायब होतो, आवाज करते. म्हणजे ही चाललीय. आजच्या आज दुसरीवर कॉपी करा, बोललेलो की नाही?”

बोलला होता. मास्तरांनी नवी डिस्क आणलीही होती. ती कपाटात, खोक्यातच होती. आधी प्रत्येक गाण्याला नाव द्यायचं, विधीप्रमाणे क्रम लावायचा आणि मग सगळं एकदम नीटनेटकं हलवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अर्धवट वही त्यांनी कधी तपासायला घेतली नव्हती. चार महिन्यांत क्रम जेमतेम हळदीपर्यंत लागला होता.

डिस्कवर ठमीबाईचे धवले होते. आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवलारीण जी गाणी म्हणते, ती. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं मास्तर तिच्या ओटीवर बसून ती रेकॉर्ड करत होते. एकशे चौदा गाणी झाली होती. लग्नांत आता डीजे लागे. ठमीबाईला कुणी बोलावत नसे.

दिपेशने डिस्क आतली गाणी काढून घ्यायला मुंबईला पाठवली. तीन आठवड्यांनी ती जशीच्या तशी परत आली.

“चकतीला चरे पडलेत. काहीच निघालं नाही,” तो म्हणाला. मग एकदम चिडून, “त्या दिवशी मीच ठेवून घ्यायला हवी होती. सांगून कोण ऐकतं?”

दिपेशने आणखी चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते ठमीबाईकडे गेले. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

“त काय झाला? मी हाय ना. परत गातंय. बस.”

मास्तरांनी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तिनं मांडव घालतानाचा धवला उचलला. आवाज पातळ झाला होता, पण सूर जागेवर होता. तिसऱ्या ओळीवर ती अडली.

“पुरं काय रं, मास्तर?”

मास्तरांनी पुढची ओळ सांगितली. ती गायली, पुन्हा अडली. त्यांनी पुन्हा सांगितली. गाण्यांना नावं देताना ऐकून ऐकून तेवढ्या ओळी डोक्यात राहिल्या होत्या. पाचव्यांदा तिनं त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा मात्र त्यांनाही आठवेना.

“पुरं?”

“मला नाही येत, ठमीबाय.”

तिच्या नजरेत राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

“मी त सगला तुना देला व्हता रं,” ती म्हणाली.

मग ठमीबाईने मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पदर सावरला आणि जिथपर्यंत येत होतं तिथपर्यंतचा धवला पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला घेतला.