साळूबाईंचा होकार

मित्रांनो, मी एक जुना हँडीकॅम आहे. शेकडो माणसांचं बोलणं मी साठवून ठेवलं आहे. त्यातलं किती कळलं असं विचाराल, तर मात्र मी गप्प बसेन.

श्रीरामपूरच्या कानिफनाथ फोटोवाल्यांनी मला नवा कोरा आणला, तेव्हा माझा थाट होता. लग्नात मी पुढे सरकलो की वऱ्हाडी आपसूक बाजूला होत, बायका पदर सारखा करत. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, कानिफनाथांनी ड्रोन घेतला आणि मी कपाटात गेलो. चार वर्षांनी नगरच्या एका रुग्णालयाने मला विकत घेतलं. तिथे नव्या औषधांच्या चाचण्या चालत. चाचणीत येणाऱ्या माणसाला सगळं नीट समजावलं, याचा पुरावा म्हणून ते बोलणं टिपून ठेवायचं, हे माझं नवं काम.

साळूबाई आल्या त्या पाथर्डीकडच्या एका गावाहून. बरोबर नवरा मच्छिंद्र आणि नर्सिंग शिकणारी मुलगी ज्ञानेश्वरी. पाच महिन्यांपूर्वी साळूबाईंना चिकनगुनिया झाला होता. ताप आठवड्यात उतरला, पण बोटं आणि मनगटं दुखायची थांबेनात. दरवर्षी हे नवरा-बायको ऊसतोडीला जात. तो तोडणार, ती मोळी बांधणार. तिचे हात चालले नाहीत तर दोघांचंही काम बुडणार होतं.

चाचणी शोधली ती ज्ञानेश्वरीने. औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदणी तिने मोबाईलवर बघितली. पुण्यातल्या एका चाचणीची भरती संपलेली होती. मग या रुग्णालयाचा नंबर सापडला. इथलं चाचणीचं काम बघणाऱ्या आरतीताईंनी फोनवरच ताप कधी आला, रक्ताचा रिपोर्ट आहे का, दुसरा काही आजार आहे का, हे सगळं विचारून घेतलं. वर हेही सांगितलं की आलात म्हणजे घेऊच असं नाही, तपासून ठरेल.

तपासणीत साळूबाई चाचणीच्या अटींत बसल्या. मग टिपायला त्यांची परवानगी घेऊन आरतीताईंनी मला सुरू केलं. साळूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून बाहेरच्या चष्म्याच्या दुकानातले आसाराम साक्षीदार म्हणून बसले. डॉक्टरांनी सगळा कागद वाचून समजावला. शेवटी आरतीताई म्हणाल्या, "मावशी, काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"तीन म्हईनं गोळी घ्यायची. मग हात बरं व्हत्यात."

मला वाटलं, झालं काम. पण डॉक्टरांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, ते कॉम्प्युटर ठरवणार. दुखणं थांबवायची नेहमीची गोळी सगळ्यांनाच मिळेल. नव्या गोळीने त्रासही होऊ शकेल. कधीही सोडता येईल, सोडलं म्हणून उपचार बंद होणार नाहीत.

मच्छिंद्र वैतागले. "अंगठा घ्या अन् मोकळं करा. तिला काय कळतंय त्यातलं."

आरतीताई शांतपणे म्हणाल्या की अंगठा मावशींचा आहे, तर उत्तरही त्यांचंच हवं.

साळूबाईंनी आपली सुजलेली बोटं पदरात घेऊन चोळली. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "मला कंची गोळी हाय, ते तुमाला तरी ठावं आसंल."

"नाही. मलाही माहीत नसणार."

"मग तुमी डाक्टर कसलं?"

मीही गोंधळलो. डॉक्टरांना मात्र राग आला नाही. ते म्हणाले, "मला कळलं, तर रिकाम्या गोळीवाल्याला मी आधीच कमी बरा समजेन. माझी नजर बिघडेल."

काय कळलं ते पुन्हा विचारल्यावर साळूबाई सावकाश बोलल्या. "ही गोळी मला बरं करंल असं न्हाई. गोळी बरं करती का न्हाई, ते बगायला मी येनार. रिकामी आली तरी चालंल. नको वाटलं तर सोडीन."

मग अंगठा उमटला, तोही धड नाही. दाबताना दुखत होतं.

त्या वर्षी ते ऊसतोडीला गेले नाहीत. मच्छिंद्र केडगावच्या एका गोदामात हमाली करू लागले. साळूबाई ठरल्या दिवशी येत, रक्त देत, मुठीची ताकद मोजायचं यंत्र दाबत. दुसऱ्या महिन्यात आकडा वाढला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सांगितलं की आता भाकरी मीच थापते. मला वाटलं, यांना खरीच गोळी मिळाली असणार.

सगळ्यांची चाचणी संपायला वर्ष गेलं. मग डॉक्टरांनी दोघांना बोलावलं आणि सांगितलं की साळूबाईंची गोळी रिकामी होती.

"म्हंजी तीन म्हईनं खडूच खाल्ला?" मच्छिंद्रांचा आवाज चढला.

साळूबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "मग मी बरी कशानं झाले?"

डॉक्टर म्हणाले की हा आजार पुष्कळांचा काही महिन्यांनी आपोआप ओसरतो. तुमच्यासारखे रिकाम्या गोळीवाले नसते, तर आम्ही सगळं श्रेय गोळीला दिलं असतं. खरी गोळीवाले थोडे लवकर बरे झाले, पण काहींचं पोट बिघडलं. आता आणखी मोठी चाचणी घ्यावी लागेल. हे ऐकून साळूबाई खूष झाल्या की नाराज, ते माझ्या भिंगातून मला ओळखता आलं नाही. अजूनही येत नाही.

मोठी चाचणी सुरू झाली तेव्हा त्या पुन्हा आल्या. या वेळी दुखरे हात त्यांच्या जावेचे, पुष्पावतीचे होते. साळूबाई तिच्या शेजारी बसल्या, मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. पुष्पावतीने सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारलं आणि म्हणाली, "मला न्हाई जमायचं. माजं पोट आधीच नाजूक हाय."

आरतीताईंनी बरं म्हणून तिला नेहमीच्या उपचारांची चिठ्ठी दिली. माझं टिपणं फुकट गेलं असं मला वाटलं, आणि आपल्या माणसाने नाही म्हटलं म्हणून साळूबाई वरमतील असंही वाटलं. त्या उठल्या, जावेची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि आरतीताईंना म्हणाल्या, "तिनं समजून न्हाई म्हनलंय. लई झालं."

मित्रांनो, माझं बटण आता घट्ट झालंय, दोनदा दाबावं लागतं. मला पुसा, चार्ज करा, एवढं तर कराच. पण आणखी एक मागणं आहे. कोणाला काही समजावत असाल, तर त्याचं बोलून होईपर्यंत मला बंद करू नका.