सिलिंडर लागला

कटरचं पातं सिद्धांतने दाराच्या फाटक्या कडेला टेकवलं आणि हळूच खाली ओढलं. प्लास्टिकची एक साल कुरकुरत सुटली आणि त्याच्या मांडीवर पडली. दार आतून पोकळ होतं आणि वर लाकडाच्या रेघा छापलेल्या होत्या. लांबून पाहणाऱ्याला सागवान वाटावं आणि हात लावणाऱ्याला बिस्किटाचा डबा. त्याच्या आतल्या अंगाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पावलाएवढं भगदाड पडलं होतं. पावलाएवढं म्हणजे अगदी पावलाएवढंच. नीट पाहणाऱ्याने ते डावं की उजवं हेही सांगितलं असतं.

म्हणून तर घाई होती. चार वाजता अतुल नोएडाहून येणार होता, त्याच्या हरिदासमामांना घेऊन. बारा वाजून गेले होते. चारच्या आत हे भोक असं बुजायला हवं होतं, की इथे कुणी पाय उचलला होता याचा अतुलला वासही येऊ नये.

शुक्रवारी दुपारी आयोगाची यादी लागली होती. अतुल सकाळीच मामांकडे निघून गेला होता. निकालाच्या दिवशी त्याला दिल्लीतल्या नेहरू विहारच्या या खोलीत बसवत नसे. सिद्धांतने एकट्याने यादी उघडली. आधी स्वतःचं नाव शोधलं, मिळालं नाही. पुन्हा शोधलं. मग न शोधताच अतुलचं दिसलं, तीनशे बारावं. तो चहा प्यायला म्हणून उठला, चपला घातल्या, दारापाशी गेला आणि कडीला हात घालायच्या ऐवजी त्याने लाथ घातली. लाथ काही फार जोराची नव्हती. तरी पाय घोट्यापर्यंत दारात गेला आणि चपलेचा अंगठा तुटला. सिद्धांतला स्वतःलाच नवल वाटलं. तीन वर्षं हे दार आपण आपटून लावत आलो, कधी हूं की चूं केलं नाही, आणि आज एका लाथेत फुटलं.

तो एका पायात चप्पल घेऊन उभा होता तेव्हाच अतुलचा फोन आला. अतुल रडत होता. सिद्धांतने एवढ्या मोठ्याने अभिनंदन केलं की समोरच्या गच्चीतली कबुतरं उडाली. पार्टी कुठे, पेढे कधी, साहेब झालात आता यार, ओळख ठेवा. घसा बसेपर्यंत आनंद केला. फोन ठेवल्यावर तो ओट्याला टेकून बसला आणि बराच वेळ उठला नाही.

संध्याकाळी पाण्याची मोटर लावायला घरमालकीण आंटी वर चढल्या तेव्हा दार उघडंच होतं. त्यांनी भगदाड पाहिलं.

“सिलिंडर लग गया, आंटी,” सिद्धांत म्हणाला.

“फिर सिलिंडर?” असं म्हणून आंटी गच्चीकडे गेल्या. त्याने मनावर घेतलं नाही. आंटींची निम्मी वाक्यं ‘फिर’नेच सुरू होत. फिर नल खुला, फिर बत्ती जली.

हेवा वाटतो हे सिद्धांतने स्वतःपासून कधी लपवलं नव्हतं. दोघं एकाच थाळीतून जेवलेले. अतुल जिंतूरचा, हा वाशिमचा. दोघांचीही घरं नोकरदार, दोघांच्याही आया फोनवर एकच प्रश्न विचारणाऱ्या. पुस्तकं तीच, वाचनालय तेच, मुलाखतीला घालायचा कोटसुद्धा आळीपाळीने तोच घातलेला. असं असून एकाचं नाव यादीत आणि एकाचं नाही. जानेवारीत मराठी पोरांच्या टोळक्याबरोबर दोघं पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला गेले होते, तेव्हा सिद्धांतच म्हणाला होता की पानिपतं तीनच झाली, माझं यंदा चौथं व्हायला नको. सगळे हसले होते. आता ते झालं होतं.

पण यादीचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. गिळवत नव्हता तो अतुलचा चांगुलपणा. कुणाचंही नाव लागलं की पहिला पेढा अतुल आणायचा. जळफळाट म्हणून त्याच्या अंगाला माहीतच नव्हता. चार वर्षांपूर्वी त्याच्याच खोलीतला प्रतीकदादा लागला आणि अतुल राहिला, त्याची गोष्ट तो दर निकालाला सांगायचा: प्रतीकदादाचं नाव आलं तेव्हा मी या गल्लीत इतका नाचलो, इतका नाचलो, की चपलेचा अंगठा तुटला. ऐकणाऱ्या पोरांचे डोळे ओले व्हायचे. प्रतीक गेल्यावर त्याच्या रिकाम्या खाटेवर आलेला सिद्धांत ही गोष्ट तीनदा ऐकून होता, आणि दर वेळी त्याला वाटायचं की आपल्याला या जन्मी असं नाचता यायचं नाही. गुण कमी पडले तर वाढवता येतात. मन कोतं असलं तर त्याची शिकवणी कुठे लावायची?

आणि या घरचा रिवाज असा, की त्याला आज त्या मनासकट दारासमोर उभं राहायचं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, काळ्या मार्करने नावं लिहिलेली होती. बळवंत, दिलीप, प्रतीक, प्रत्येकापुढे साल. या खोलीतून जे लागले ते हे. लागलेल्याने स्वतःचं नाव लिहायचं नाही. खोलीत जो मागे उरला त्याने लिहायचं. प्रतीकचं नाव अतुलच्या हातचं होतं, वळणदार, शिरोरेघ एका दमात ओढलेली. मामांना त्या दारापुढे भाच्याचा फोटो काढायचा होता. अतुलने काल फोनवर तसं सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता, सावकाश लिही, घाई नाही. मार्कर खिडकीत पडला होता. सिद्धांतने त्याला अजून हात लावला नव्हता.

हार्डवेअरच्या दुकानदाराने समजावून सांगितलं होतं. फाटलेल्या कडा कापून चौकोन करायचा. आत कागद ठासायचा, नाहीतर लांबी, म्हणजे भरायची पुट्टी, पोकळीत पडते. मग लांबी भरायची, आणि शेवटी वरून लाकडी रंगाची चिकटपट्टी. “एक दिन खुला छोड़ना, फिर पट्टी लगाना,” असंही तो म्हणाला होता. सिद्धांतकडे दिवस नव्हता, चार तास होते.

चौकोन पुरा करायला दाराच्या तळाशी असलेली, लाथेने मध्येच फाटलेली जुनी तपकिरी पट्टी सोलणं भाग होतं. कुलरचं पाणी उडतं म्हणून अतुलने कधीकाळी लावलेली. तिचं टोक नखाने उचलून त्याने ओढली, आणि पट्टीबरोबर पांढरा भुगा खाली सांडला.

तो वाकला. पट्टीखाली दार नव्हतं. पट्टीखाली एक चौकोन होता, त्याच्या भगदाडाहून थोडा मोठा, कटरने सरळ कापलेला आणि लांबीने भरलेला. वरून ती घट्ट दिसत होती, पण बोट लावताच आतली पिठासारखी गळाली. शुक्रवारी त्याचा पाय दारातून गेलाच नव्हता. तो या ठिगळातून गेला होता.

आत कागद होता. त्याने दोन बोटांनी चिमटून बोळा बाहेर काढला आणि मांडीवर उलगडला. गावाकडचं मराठी वर्तमानपत्र. मधल्या पानावर हार घातलेला प्रतीक, शेजारी त्याचे आईवडील, वर मोठ्या अक्षरांत गौरवाचा मथळा. कागद बुजवण्यासाठी चुरगाळतात त्याहून पुष्कळच जास्त चुरगाळलेला होता. प्रतीकच्या चेहऱ्यावरून घड्यांचं जाळं गेलं होतं. बोळ्याच्या पोटात वहीचं एक पान निघालं, त्यावर त्या सालच्या गुणांची बेरीज वजाबाकी दोन रकान्यांत मांडलेली. एका रकान्यावर ‘प्र’, दुसऱ्यावर ‘मी’. अक्षर वळणदार होतं.

फिर सिलिंडर.

सिद्धांतने कोपऱ्यात पडलेल्या स्वतःच्या चपलेकडे पाहिलं. तिचा अंगठा तुटलेला होता.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला, आणि तो आनंद चांगल्या जातीचा नव्हता. तीन वर्षं ज्याच्या मोठेपणाखाली मान खाली घालून वावरलो, तो आपल्याच माळेचा मणी निघाला. त्याने वर्तमानपत्राचा फोटो काढला. प्रतीकदादाचा नंबर त्याच्याकडे होता. नाहीतर हे पान ओट्यावर सरळ करून ठेवावं, पेढ्यांच्या खोक्याखाली अंथरावं. मामा विचारतील, हे काय? मग अतुलचा चेहरा कसा होतो ते पाहावं. पाणी पिता पिता त्याने हे सगळं दोनदा मनात पाहून घेतलं आणि दोन्ही वेळा ते छान वाटलं.

मग तो पुन्हा दारापाशी बसला. भोकाशी हात पोहोचायला उंबऱ्यावर एक गुडघा टेकून, मान वाकडी करून बसावं लागत होतं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बसताच येत नव्हतं. म्हणजे अतुलही असाच बसला असणार. एकटाच, कारण प्रतीक तेव्हा गावी सत्कार घेत फिरत होता. आणि वर, याच दारावर, त्याने ती शिरोरेघ एका दमात ओढली असणार. आधी नाव लिहिलं की आधी भोक बुजवलं, हे कागदावरून कळत नव्हतं. नाचण्याची गोष्ट मात्र पुष्कळ नंतर सुचली असावी. पहिल्या वर्षी ती सांगताना त्याचा आवाज कसा झाला असेल, असा एक विचार सिद्धांतच्या मनात आला आणि त्याला ते पान कुणाला दाखवणं नकोसं झालं. त्याने मोबाइलमधला फोटो पुसून टाकला.

कागद त्याने होता तसाच गोळा करून आत ठासला. जुन्या भोकात पुरेसा असलेला बोळा आता कडा कापल्यावर कमी पडला. आजूबाजूला शोधलं तर हाताशी होतं ते मुलाखतीचं बोलावणं, टेबलावर पालथं पडलेलं. त्याने त्याची चौघडी केली, मग ती मुठीत आवळली आणि प्रतीकच्या शेजारी सारली. वरून लांबी भरली, जुन्या पोळपाटाच्या कडेने सपाट केली आणि साडेतीनला, ती ओली असतानाच, नवी पट्टी लावून टाकली.

अतुल आला तो ओझ्याने वाकलेला, एका हातात पेढे आणि दुसऱ्यात मामांची छत्री. मामांनी दारातूनच जय भीम घातला आणि सिद्धांतच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की पुढचा नंबर तुझाच, बाळा. असं म्हणणारे ते त्या दिवसातले नववे होते. अतुलने मिठी मारली.

“हे काय झालं दाराला?” मामांनी विचारलं.

“सिलिंडर लागला, मामा.”

अतुल पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत होता. त्याचा हात थांबला. त्याने दाराकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या चपलेकडे, आणि मग पुन्हा दोरी सोडायला लागला.

मामांना उन्हं उतरायच्या आत फोटो हवा होता. सिद्धांतने खिडकीतला मार्कर घेतला, झाकण दातात धरलं आणि प्रतीकच्या नावाखाली लिहिलं. अक्षर त्याचं कधीच चांगलं नव्हतं. शिरोरेघ मध्ये एकदा तुटली, ती त्याने तशीच राहू दिली. पोटात दुखायचं ते दुखतच होतं, फक्त आता त्यात तो एकटा नव्हता. मामांनी चार फोटो काढले, एकात सिद्धांतलाही ओढून उभं केलं, आणि पुस्तकांची एक पिशवी घेऊन जिना उतरायला लागले.

अतुल मागे राहिला. तो दारापाशी गुडघा टेकून बसला, मान वाकडी करून, आणि पट्टीवर अंगठा दाबला. पट्टी आत गेली.

“आत काय भरलंस?” त्याने मागे न पाहता विचारलं.

“होतं तेच. थोडं कमी पडलं, मग माझं घातलं.”

अतुलने पट्टीवरून अंगठा उचलला. खाली मामा आंटींशी हिंदीत काहीतरी बोलत होते, आणि आंटी त्यांना मुबारक हो म्हणत होत्या.

“पट्टी काढ,” अतुल शेवटी म्हणाला. “उघडं राहू दे एक दिवस. मी तेव्हा लगेच झाकलं होतं, म्हणून आत कच्चंच राहिलं.”

सिद्धांत त्याच्या शेजारी बसला. त्याने पट्टीचं एक टोक धरलं, अतुलने दुसरं.