दोन समुद्रांचा कोबा

पठारावरच्या रस्त्याला चहावालीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या कोब्याला मधोमध चांगला फुगवटा होता. तो कोबा घातला तिच्या नवऱ्याने. नवरा धंद्याने गवंडी आणि हौसेने पिणारा. त्या दिवशी हौस जरा जास्तच झाली होती. बाई त्याला जन्मभर बोलत राहिली, "लोकांच्या भिंती सरळ आणि घरचा कोबा गरोदर!"

तो म्हणायचा, "राहू दे गं. पाणी तरी साचणार नाही."

तो गेला आणि कोब्याचं नशीब उघडलं. पठाराचं पाणी इथेच कुठेतरी फुटून दोन वेगळ्या समुद्रांना जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेमकं कुठे, ते कुणालाच नव्हतं. बाईने बेधडक दारावर पाटी ठोकली : 'येथे पाणी दोन समुद्रांस जाते.' प्रवासी थांबत, चहा घेत, फुगवट्यावर पेला ओतत. अर्धं पाणी पुढच्या दाराने, अर्धं मागच्या. मग फोटो, मग आणखी एक चहा. बाईचं पोट त्या फुगवट्यावर चाललं होतं.

हे दिराला बघवेना. त्याचंही चहाचंच दुकान, जरा पुढे. जमीन आरशासारखी आणि गिऱ्हाईक औषधाला नाही. त्याने भूगोलाचे साहेब आणले. साहेबांनी तिपाई मांडली, विरळ हवेत धापा टाकत दुर्बिणीतून पाहिलं आणि निकाल दिला, "बाई, तुमच्या दोन्ही दारांचं पाणी एकाच समुद्राला जातं. खरा जलविभाजक तुमच्या दिरांच्या गोठ्यात आहे."

"गोठ्यात? मग नाक धरून अभ्यास करा."

पाटी दिराने स्वतःच्या हाताने उतरवली. जाता जाता म्हणाला, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. दादाने एक काम धड केलं असतं तर ही वेळ आली नसती."

गिऱ्हाईक आटलं. रिकाम्या दुकानात बाई त्याच फुगवट्याला ठेचकाळली, चिडली आणि तो फोडायला पहार घेऊन आली. पहार उचलली खरी, पण घाव काही घालवेना. तिला नवऱ्याची इतकी आठवण आली की त्याचाही रागच आला.

तिकडे गोठ्यात शास्त्राचे हाल चालले होते. खऱ्या जागी पठार इतकं सपाट की ओतलेलं पाणी जिथल्या तिथे बसून राही आणि शेवटी शेणात मुरे. प्रवासी विचारत, "हे समुद्राला कधी पोचणार?" दीर पायाने पाणी ढकलून दाखवी. लोक हसत आणि परत बाईकडे येत. खोटं असलं तरी चालेल, पण वाहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी पाटी बगलेत मारून दीर बाईच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, दादाने हा फुगवटा घातला तरी कसा? मी गोठ्यात असाच कोबा घालून पाहिला, पाणसळ लावून, पातळी मोजून. पाणी सगळं एकाच बाजूला पळतं."

"पाणसळीने नाही जमायचं, भाऊजी."

"मग काय लागतं?"

बाईने पेला उचलला आणि फुगवट्यावर ओतला. "तुमचा दादा लागतो," ती म्हणाली.

अर्धं पाणी पुढच्या दाराने गेलं, अर्धं मागच्या. थेंबभरही साचलं नाही.