सात फाटकं आणि एक पट्टा

मी बोलतेय. मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमागे, खताच्या पोत्यांशेजारी उभी असलेली पाचशे सीसीची गाडी. आमच्या जातीला साइड-बाय-साइड म्हणतात, कारण आमच्यात दोन माणसं शेजारी शेजारी बसतात. मागे छोटा हौदा, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. ताईहापे गावाभोवतीच्या या डोंगराळ मुलखात आमच्यावाचून कुणाचं पान हलत नाही, पण आमचं कौतुक करायला कुणाला सवड नसते.

"फक्त पाचशे?" हे तर मी जन्मापासून ऐकत आलेय. जणू मी कुणाचे पैसे बुडवलेत!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पेटीत घालून मला बोटीवर चढवलं, आणि शेवटी मी एका दुकानाच्या काचेमागे येऊन उभी राहिले. माझ्या शेजारी माझी थोरली बहीण होती, हजार सीसीची, लालभडक. येणारा प्रत्येक पुरुष आधी तिच्याकडे जायचा, तिच्या चाकाला बुटानं लाथ मारून बघायचा आणि मग माझ्याकडे वळून "ही बायकांसाठी का?" असं विचारायचा. मला चीड यायची. पण करते काय?

एका शनिवारी गार्थ आणि रेविन आले. दोघं पन्नाशी ओलांडलेले. गार्थ किंचित वाकून चालत होता. आदल्या हिवाळ्यात त्याची जुनी चारचाकी मोटरसायकल उतारावर त्याच्याच अंगावर आली होती आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या. रेविननं ती मोटरसायकल दुसऱ्याच आठवड्यात भंगारात दिली होती. "आता पिंजऱ्याची गाडी आणायची, नाहीतर घोडा घे," असं तिनं त्याला बजावलं होतं.

गार्थ सरळ लाल बहिणीकडे गेला. रेविन माझ्याजवळ थांबली.

"ही बघ," ती म्हणाली.

"पाचशे? अगं, ही आपल्या टेकडीला खालूनच नमस्कार करेल आणि परत येईल!"

"परत येईल ना? मग हीच घ्यायची."

दुकानदार हसला. गार्थनं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "शेजारपाजारचे हसतील मला."

"हसू देत. तुला ताकद हवीय ती मिरवायला. तुझ्या हाताखाली हजार सीसी आले की तू साठनं उतार उतरशील. मी ओळखते ना तुला. तीस वर्षं झाली."

"बत्तीस," गार्थ म्हणाला, आणि माझ्या दारात पाय ठेवून आत बसला. त्याचं अंग मोठं होतं, मी चाकांवर जरा खाली दबले. त्या क्षणी तो मला आवडला, हे सांगून टाकते.

त्यांच्या शेतावर घरापासून वरच्या कुरणापर्यंत सात फाटकं आहेत. मेंढ्या एका कुरणातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून प्रत्येक फाटक उघडायचं, गाडी पुढे घ्यायची, उतरून बंद करायचं. म्हणजे एका फाटकाला दोनदा उतरायचं. आणि मला घडवणाऱ्यांनी माझ्यात एक खोड घालून ठेवलीय. चालकानं पट्टा लावला नाही तर मी टिंग टिंग टिंग करत राहते आणि अंगात ताकद असूनही रांगते. माणूस लाखाचा पोशिंदा असला तरी मी ऐकत नाही.

पहिल्या दिवशी गार्थनं चौदा वेळा पट्टा काढला, चौदा वेळा लावला, आणि मला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. ही झाली वर जातानाची गोष्ट. येतानाच्या शिव्या वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी तो पायीच कुत्र्यांबरोबर वर गेला होता. दुपारी रेविन त्याचं जेवण घेऊन निघाली. मटणाच्या खिम्याचा पाय, म्हणजे पिठाच्या पारीत खिमा भरून भाजलेला पदार्थ, भट्टीतून नुकताच काढलेला, फडक्यात गुंडाळलेला. पहिलं फाटक झालं, दुसरं झालं. तिसऱ्या फाटकावर तिनं पायवर हात ठेवून बघितलं आणि जिभेनं च्च केलं. मग तिनं माझा पट्टा ओढला, बसायच्या जागेच्या पाठीमागून नेला, खटक्यात अडकवला आणि ती त्याच्यापुढे बसली. माझं टिंग टिंग थांबलं. मला वाटलं, पट्टा लागला. मला तेवढंच कळतं.

वर गार्थनं खिम्याचा पाय खाल्ला, बोटं चाटली, आणि परतीला स्वतः चालवायला बसला. त्यानं पाठीमागे चाचपून बघितलं.

"हे कुणाचं डोकं?"

"माझं. तुझा खिम्याचा पाय गार होत होता."

"अगं, मला कसं सुचलं नाही!" तो इतका हसला की मोडलेल्या बरगड्यांवर हात दाबून धरावा लागला. "दुकानातून पिंजरा आणायला लावलास आणि पिंजऱ्याची कडी स्वतःच काढलीस!"

रेविनही हसली. पुढे चार वर्षं तो पट्टा कुणी सोडवला नाही. यात त्या दोघांचंच काही नवल होतं असं नाही. या खोऱ्यात कुठल्याही शेडमध्ये जाऊन बघा, गाडीचा पट्टा गाडीलाच बांधलेला दिसेल.

ती चार वर्षं माझी चांगली गेली. माझ्या हौद्यात कोकरं होती, तारांची भेंडोळी होती, आजारी मेंढी होती, आणि टग नावाचा म्हातारा कुत्रा कायम होता. गार्थ माझ्याशी बोलायचा. चढावर मी धापा टाकायला लागले की म्हणायचा, "चल गं बाई, थोडंच राहिलं." शेजारी चिडवायचे, "काय गार्थ, शिवणयंत्राला चाकं लावलीस की काय?" तो म्हणायचा, "बायकोनं निवडलीय. तक्रार तिच्याकडे द्या."

एका गोष्टीत मात्र मी कमी पडले, ते कबूल करते. मागच्या उतारावर गोर्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप फार माजतं. त्यावर औषध मारायला माझ्या हौद्यात दोनशे लिटरची टाकी ठेवायचे. भरलेली टाकी घेऊन मला तो चढ चढवेना. दोनदा मी मध्येच थांबले. मग गार्थ टाकी अर्धीच भरायला लागला आणि एकाऐवजी दोन फेऱ्या मारायला लागला. भरलेली टाकी जड असते, पण निदान एका जागी असते. अर्ध्या टाकीतलं पाणी गाडी जिकडे कलेल तिकडे धाव घेतं. मला ते प्रत्येक वळणावर जाणवायचं. सांगणार कसं?

नोव्हेंबरातला गुरुवार होता. लख्ख ऊन, वारा नाही, औषध मारायला असा दिवस मिळत नाही. दहाच्या चहाला रेविननं चीज घातलेले स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, केले होते. गार्थनं दोन खाल्ले, तिसरा खिशात टाकला. "बारापर्यंत येतो," म्हणाला.

दुसऱ्या फेरीत, उताराला आडवं जाताना, त्याला वरच्या अंगाला एक झुडूप राहिलेलं दिसलं. एकच. तो स्वतःशी म्हणाला, "हे सोडलं तर पुढच्या वर्षी दहा होतील." त्यानं मला वळवलं. माझी वरची चाकं दगडावर चढली, टाकीतलं पाणी खालच्या बाजूला धावलं, आणि त्या पाण्यानं मला लोटलं. मी एकदा पालथी झाले, दुसऱ्यांदा झाले.

माझा पिंजरा मोडला नाही. तो मोडायचाच नसतो, त्यासाठीच तो असतो. मी आडवी होऊन थांबले तेव्हा पिंजऱ्याच्या आत गार्थएवढी जागा जशीच्या तशी होती. पट्टाही जागच्या जागी होता, खटक्यात घट्ट. गार्थ तेवढा तिथं नव्हता. पहिल्याच कोलांटीत तो बाहेर फेकला गेला होता, आणि दुसरी कोलांटी मी त्याच्यावर मारली होती.

मी टिंगसुद्धा केलं नाही. पट्टा लागलाय असंच मला शेवटपर्यंत वाटत होतं.

मागून पायी आलेला टग भुंकत राहिला. एक वाजता रेविन चालत वर आली. तिनं आधी मला बघितलं, मग त्याला. ती माझी चावी काढायला आत वाकली, आणि तिचा हात त्या पट्ट्याला लागला. तिनं तो तिथंच धरून ठेवला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग ती ओरडली. तसा आवाज मी माणसाचा ऐकला नव्हता.

मला ओढून शेडमध्ये आणलं, आणि चार दिवसांनी एक सरकारी अधिकारी बाई आली. तिनं माझे फोटो काढले, टाकी मोजली, पट्टा बघितला. स्वभावानं गरीब होती, आवाज खाली ठेवूनच तिनं विचारलं, "हा पट्टा पाठीमागे कुणी अडकवला होता, सांगता येईल?"

रेविन म्हणाली, "गार्थची सवय होती ती."

मी तिथंच उभी होते. मी ते ऐकलं.

अंत्यविधीनंतर सगळं खोरं या शेडमध्ये जमलं. बायकांनी केक आणि सँडविचच्या थाळ्या आणल्या होत्या, पुरुष बियरच्या बाटल्या घेऊन माझ्याभोवती उभे होते. "इंजिन लहान, म्हणून टाकी अर्धी. अर्ध्या टाकीनं घात केला," एकजण म्हणाला. "हजारची घेतली असती तर भरली टाकी वर गेली असती," दुसरा म्हणाला. अरे शहाण्यांनो, औषध मारता मारता भरली टाकीही अर्धी होतेच की! पण ते ऐकणार कोण? रेविन मागे थाळी घेऊन उभी होती. तिनं तो दोष मुकाट्यानं घेतला. त्या दोषाआड तिला दुसरा लपवता येत होता.

त्यांचा मुलगा ब्रेंट ऑस्ट्रेलियातल्या खाणीत कामाला होता, तो आला होता. अधिकारी बाईचा अहवाल वाचून तो बापावर चिडला. "स्वतःच्या हातानं मेले बाबा," तो आईसमोर म्हणाला. "एक पट्टा लावता आला नाही! तुझा तरी विचार करायचा." रेविन खाली मान घालून मिठाची डबी पुसत राहिली. बापाच्या थडग्याला दगड बसवला त्या दिवशीही ब्रेंट आला नाही.

दीड वर्षानं तो आला, मला विकायला. हेमी आणि कुरा नावाचं नवराबायकोचं तरुण जोडपं मला बघायला आलं. शहरातल्या दुकानात हजारची बघून आले होते.

"पाचशे?" हेमी म्हणाला. "ही चढणार नाही गं."

"नाही चढली तर नाही," कुरा म्हणाली. "तू मोठी घेतलीस की मला दिवसभर तुझ्या काळजीनं खिडकीशी उभं राहावं लागेल."

चहाचा ट्रे घेऊन आलेली रेविन दारातच थबकली.

हेमीनं चावी फिरवून मला सुरू केलं. कुरा आत चढून बसली, तिनं पट्ट्यासाठी खांद्यामागे हात नेला, आणि तिला तो पाठीमागे अडकवलेला सापडला.

"हा इथं कुणी लावलाय?"

"बाबांनी," ब्रेंट तुटकपणे म्हणाला.

"मी," रेविन म्हणाली.

ट्रे तिनं माझ्या बॉनेटवर ठेवला. "ब्रेंट, मी लावला तो. गाडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या फाटकावर. तुझ्या बाबांचा खिम्याचा पाय गार होईल म्हणून. त्या बाईनं विचारलं तेव्हा मी त्यांचं नाव पुढे केलं. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही."

"आई," ब्रेंट म्हणाला. "दीड वर्ष मी त्यांना..."

"माहितेय मला. तू फोनवर बोलायचास, मी ऐकत होते."

हेमीनं हळूच विचारलं, "मावशी, मग आम्ही कुठली घ्यावी? लहान की मोठी?"

"कुठलीही घ्या, बाळा. मी इंजिन निवडलं आणि मला वाटलं, झालं माझं काम."

ती आत वाकली, आणि तिनं खटका दाबला. पट्टा सुटला. साडेपाच वर्षांनी मी टिंग टिंग करायला लागले. ब्रेंट वळला आणि शेडबाहेर निघून गेला. रेविन तो आवाज ऐकत तशीच उभी राहिली. चावी कुणी काढली नाही.

हेमी आणि कुरानं मोठी घेतली, असं कळलं. ब्रेंट दुसऱ्या दिवशी गेला. जाताना तो बापाच्या दगडापाशी तासभर बसला होता. आईला फोन मात्र अजून करत नाही.

मला कुणी नेलं नाही. माझं एक अंग चेपलेलं आहे, काच फुटलेली आहे. आठवड्यातून एकदा रेविन मला घेऊन वरच्या कुरणात जाते. सात फाटकं, चौदा वेळा पट्टा काढते, चौदा वेळा लावते, हाताचा संधिवात सांभाळत. त्या उतारावर बसून डबा उघडते. खिम्याचा पाय तोवर पार थंड झालेला असतो. ती तसाच खाते.

तुम्ही मोठी घ्या, लहान घ्या, मला त्याचं काही नाही. पण आमच्यापैकी कुणी टिंग टिंग करायला लागली तर तिचं तोंड बंद करू नका. आमच्याजवळ बोलायला तेवढा एकच शब्द आहे. जेवण गार झालं तर होऊ द्या.