सर्व्हरकाकांनी आखलेले रस्ते

"बाई, इथे लोक मला कच्चं खाणार आहेत!" नोंदणी खिडकीच्या मुख्य कारकून फोनवर ओरडत होत्या. "पेशंटचं नाव टाकलं की चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंयच. आत्ता एक आजी रांगेतच मटकन खाली बसल्या. चुलीत घाला तुमचं ते अपग्रेड!"

"घालते," मी म्हणाले. "चूल सापडली की लगेच घालते."

फोन ठेवला. शेजारच्या खुर्चीतून काकांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "काय म्हणतायत?"

"आशीर्वाद देतायत."

काका हसले नाहीत. एरवी हसले असते.

आमच्या एवढ्या मोठ्या रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळणारी माणसं दोनच. मी आणि काका. काकांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणाला माहीत नाही, सगळे त्यांना सर्व्हरकाका म्हणतात. तिसऱ्या मजल्यावर आमची बिनखिडक्यांची खोली. एसी असा की भर उन्हाळ्यात काका बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसतात आणि मी शाल गुंडाळून. पेशंटची नोंद, जुने रिपोर्ट, कोणत्या वॉर्डात कोणती खाट रिकामी, सगळं त्या खोलीतल्या यंत्रांतून जातं. रविवारी आम्ही डेटाबेसची नवी आवृत्ती बसवली. सोमवारी सकाळी खिडक्या उघडल्या आणि रांगा थेट फाटकाबाहेर गेल्या. आज बुधवार होता.

तीन दिवस आम्ही सगळे उपाय करून पाहिले होते. यंत्रं बंद करून चालू केली, जागा मोकळी केली, नेटवर्कवाल्यांशी भांडलो. भांडण्याचं काम माझं. डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरचं फोनवर एकच पालुपद, मेमरी वाढवा. त्याच्या घरचा बल्ब गेला तरी तो मेमरीच वाढवत असणार.

सकाळी अधीक्षक स्वतः वर आले होते. बिचारे मूळचे हाडांचे डॉक्टर, त्यांना यात काही कळत नाही आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात.

"दुपारी दोनपर्यंत बघा," ते म्हणाले. "नाही जमलं तर सरळ जुनी आवृत्ती परत लावू. तीन दिवसांच्या नोंदी हाताने पुन्हा भराव्या लागतील, लागू देत. आणि काका, जुनीच ठेवायची झाली तर या महिनाअखेरीला तुम्हाला निवृत्त होऊ देता येणार नाही. वर्षभराची मुदतवाढ मागतो मी. तो जुना डेटाबेस तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

काका "बघू" एवढंच म्हणाले. पण अधीक्षक गेल्यावर त्यांनी स्वेटर उगाचच खाली ओढून सारखा केला. मला कळलं. त्यांना ती मुदतवाढ हवी होती हो, फार हवी होती.

काकूंनाही हवी होती. आदल्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला होता. "ताई, यांना आणखी वर्षभर तिथेच अडकवा ना. सुट्टीच्या दिवशी मी स्वयंपाकघरातले डबे लावते, तर हे मागून येऊन उंचीप्रमाणे लावतात. मला मीठ सापडत नाही माझ्याच घरात! कायमचे घरी बसले तर मी माहेरी निघून जाईन, आणि माहेरी आता कोणी राहिलेलंही नाही." आम्ही दोघी हसलो. मग त्यांचा आवाज उतरला. "तिथे असले की बोलतात तरी. घरी आले की गप्पच. भीती वाटते मला, ताई."

तर अशी सगळी परिस्थिती. आणि त्यात मला बिघाड सापडला.

नोंदणी खिडकीवर नाव टाकलं की एक क्वेरी सुटते, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. तो पेशंट कुठे आहे, ते शोधायचं. शोधायला हाताशी इंडेक्स असतात, पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तसे. नावाचा वेगळा, तारखेचा वेगळा. कोणता वापरायचा ते डेटाबेस स्वतः ठरवतो. पण पूर्वीचे डेटाबेस जरा मंदच होते, म्हणून काकांनी त्या काळी प्रत्येक मोठ्या क्वेरीत स्वतः हिंट लिहून ठेवली होती. हिंट म्हणजे काय, तर तू डोकं चालवू नकोस, मी सांगतो त्या रस्त्याने जा. काकांच्या त्या हिंट आमच्याकडे पवित्र मानल्या जायच्या. त्यांना हात लावायची माझीही छाती नव्हती, आणि मी कोणाला भीत नाही.

कोपऱ्यातल्या चाचणीच्या यंत्रावर जुनी आवृत्ती अजून होती. मी तीच क्वेरी दोन्हीकडे चालवली आणि दोघांना विचारलं, बाबांनो, तुम्ही कोणत्या रस्त्याने गेलात? नवा अगदी आज्ञाधारकपणे काकांच्या रस्त्याने, तारखेच्या इंडेक्समधून निघाला होता. रुग्णालय लहान होतं तेव्हा तो रस्ता जवळचा होता, आता तिथून जायचं म्हणजे जन्मापासूनचे सगळे पेशंट तपासत जायचं. आणि जुना? जुना त्या रस्त्याने गेलाच नव्हता. तो सरळ नावाच्या इंडेक्सने जाऊन आला होता.

मी कपाळाला हात लावला. मग कारण शोधलं. मधे कधीतरी कंपनीने त्या तारखेच्या इंडेक्सचं नाव बदललं होतं. काकांच्या हिंटमधलं नाव तसंच राहिलं. हिंटमधलं नाव सापडलं नाही तर डेटाबेस तक्रार करत नाही, मुकाट्याने हिंट सोडून देतो आणि आपल्या मनाने काम करतो. रविवारच्या अपग्रेडने सगळे इंडेक्स मूळ नावाने नव्याने बांधले. झालं, इतकी वर्षं झोपलेल्या हिंट टक्क जाग्या झाल्या.

दोन वाजायला अजून बराच अवकाश होता. मी नुसती गप्प बसले असते तर जुनी आवृत्ती परत आली असती, काकांना वर्ष मिळालं असतं, काकूंना मीठ सापडलं असतं. मी गप्प बसूनही बघितलं. पाणी प्यायले, शाल घडी केली, पुन्हा पांघरली. तेवढ्यात फोन वाजला आणि त्या आजींना आत खाटेवर झोपवलंय असं कळलं.

"काका," मी म्हणाले, "जरा इकडे या. आणि चिडू नका."

त्यांनी माझ्या पडद्यासमोर खुर्ची ओढली. मी दाखवत गेले, ते बघत गेले. मग माझ्या हातातून माऊस घेऊन त्यांनी सगळं स्वतः पुन्हा करून पाहिलं. एकदा नव्यावर, एकदा जुन्यावर.

"म्हणजे हा माझं ऐकतच नव्हता," काका हळूच म्हणाले.

"नाव बदललं तेव्हापासून नव्हता."

"आणि तरी नीट चाललं होतं."

"हो."

त्यांनी माऊस माझ्याकडे सरकवला. मग एकदम हसले. "संसारासारखंच झालं की गं. माणसाला वाटतं घर आपल्या शब्दावर चाललंय." हसू ओसरलं तसे म्हणाले, "मी सुट्टीवर जायचो नाही कधी. वाटायचं, मी नसलो आणि हा अडला तर? मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा फोन हातात होता माझ्या."

मला फार वाईट वाटलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला अशा वेळी नेमकं शहाणपण सुचत नाही. सुचलं ते भलतंच.

"काका, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. दोनपर्यंत आपल्याला काही सापडलं नाही, असं म्हटलं तर..."

"काय बोलतेस तू?" ते इतक्या जोरात ओरडले की मी दचकले. "खाली माणसं उभी आहेत! आजारी माणसं!"

"मग काढते मी हिंट," मी पडलेल्या आवाजात म्हणाले.

"थांब. मी घातल्यात, मीच काढतो."

आधी चाचणीच्या यंत्रावर नवी आवृत्ती चढवून पाहिली, तिथे हिंटशिवाय जमलं तेव्हा खऱ्याला हात लावला. काका एकेक क्वेरी उघडत आणि आपली ओळ खोडत. मधेच थांबून सांगत, "ही तापाच्या साथीतली. तेव्हा आपल्याकडे व्हरांड्यातसुद्धा पेशंट होते." पुढचीला म्हणाले, "ही लिहिताना तुझ्या काकू बाळंतपणाला याच इमारतीत होत्या. मी वर, त्या खाली. अजून ऐकवतात." मी म्हटलं, ऐकवणारच, मी असते तर घरातच घेतलं नसतं. ते हसत हसत खोडत राहिले. शेवटची ओळ खोडल्यावर त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला, आणि पुसतच राहिले.

पाचच मिनिटांत नोंदणीवरून फोन. "अहो, काय केलंत काय? बोट उचलायच्या आत नाव येतंय! देव तुमचं भलं करो." या वेळचे आशीर्वाद खरे होते.

दोनच्या ठोक्याला अधीक्षक धावतच वर आले. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. "मला खात्री होती! काका, तुम्ही नसतात तर आज माझी काही धडगत नव्हती. मी काय म्हणतो, जुनं-नवं सोडा, मुदतवाढीचं पत्र तयारच करतो."

मी मनात म्हटलं, गप्प बसा काका. फक्त गप्प बसा. हवी तर मान डोलवा.

"नको साहेब," काका म्हणाले. "बिघाड माझ्याच जुन्या हिंटमुळे होता. हिने शोधला. त्या काढून टाकल्या, आता तो आपला आपण चालतो."

"म्हणजे... आता काही लक्ष ठेवावं लागणार नाही?"

"थोडंफार. त्याला ही आहे की."

अधीक्षकांनी काकांचा हात सोडला. ते माझ्याकडे बघून "अभिनंदन" म्हणाले, ते मला शिवीसारखं लागलं. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून, "निरोप मात्र थाटात करायचा हं," असं म्हणून गेले.

"मोठे हरिश्चंद्र लागून गेलात!" दार लागल्याबरोबर मी तोंड सोडलं. "खोटं बोला असं कोण म्हणत होतं? नुसतं गप्प बसायला काय झालं होतं? काकूंना आता मी काय सांगू?"

"सांग, येतोय म्हणून," काका म्हणाले. त्यांनी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मी जरा खाली जाऊन बघून येतो."

मीही मागोमाग गेले. नोंदणीच्या दालनात सकाळची गर्दी निम्मीसुद्धा उरली नव्हती. काका कारकुनांच्या बाजूने आत गेले नाहीत, चारचौघांसारखे रांगेच्या शेवटी उभे राहिले. मी खांबापाशी थांबले. रांग भराभर सरकत होती. पुढच्या माणसांच्या खांद्यांवरून मान उंच करून ते पडद्याकडे बघत होते. नाव टाकलं की माहिती आली, नाव टाकलं की आली. प्रत्येक वेळी त्यांची मान किंचित हलत होती.

बघता बघता त्यांचा नंबर आला. खिडकीवरची मुलगी नवीन होती, कंत्राटावरची. तिने वर न बघता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"नाही, पेशंट कोणी नाही," काका म्हणाले. "मी नुसतं बघायला आलो होतो."

"मग बाजूला व्हा ना, काका. मागच्यांना येऊ द्या."

"हो, हो," काका म्हणाले आणि लगेच बाजूला झाले.

मागची बाई कडेवरचं मूल सावरत पुढे आली. तिने नाव सांगितलं, आणि काका नीट वळून बघेपर्यंत चिठ्ठी घेऊन ती निघूनही गेली.