टोळी नव्हे, कळप नव्हे

‘काहीही म्हण, काय फरक पडतो?’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पडतो फरक! शाळेत समूहदर्शक शब्द पाठ करताना मी बाईंना विचारलं होतं, पक्ष्यांचा थवा, चाव्यांचा जुडगा, भाकरींची चवड, मग सुट्टीत एकदम येऊन थडकणाऱ्या आत्यांचं काय? बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. उत्तर काही दिलं नाही.

मी प्रणाली. मूळची अकोल्याची, जठारपेठेतली. आता अमरावतीत खोली घेऊन राहते आणि एका क्लासमध्ये स्पॅनिश शिकवते. अमरावतीत स्पॅनिश कोण शिकतं, असं विचारू नका, ते काम माझे बाबा रोज फोनवर करतात. मला या भाषेचं वेड लागलं ते तिच्या एका खोडीमुळे. मेंढ्या असल्या की रेबान्यो, डुकरं असली की पियारा, उडती पाखरं असली की बांदादा, भुंकत अंगावर येणारी कुत्री असली की हाउरिया. माणसांचं तर विचारूच नका. जहाजावरची वेगळी, चौकात टवाळक्या करणारी वेगळी, शेतात राबणारी वेगळी. हे शब्द नेमके जागेवर बसले की मला जेवल्यासारखं वाटतं.

ऑगस्टमध्ये एका संस्थेच्या भगवंतरावांनी मला दुभाषी म्हणून बोलावलं. मेक्सिकोतल्या एका खेड्यातून रोसाल्बा नावाची बाई आली होती. तिच्या गावच्या बायका देशी कापूस पिकवतात आणि घरीच विणतात. आपल्याकडच्या एका महिला गटाला पंधरा दिवस तिकडे न्यायचं, बियाणं दाखवायचं, बघायचं, असा त्यांचा बेत होता. दोन गटांतून एक निवडायचा होता. पहिला तिवशाजवळच्या सुंदराबाईंचा, दुसरा अकोल्याकडचा. अट एकच, गट बायकांचा स्वतःचा हवा. मागे कुठेतरी एका ठेकेदारानं आपल्याच मजूर बायका सहकारी गट म्हणून पुढे केल्या होत्या, त्यामुळे रोसाल्बा ताकही फुंकून पीत होती.

आम्ही पोचलो तेव्हा सुंदराबाईंच्या ओसरीत, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, साताठ बायका निंदणाला निघायच्या तयारीत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात खुरपं. मी ऐटीत ओळख करून दिली. शेतात राबणाऱ्यांसाठी माझ्याकडे शब्द तयारच होता, कुआद्रिया. म्हटलं, ही सुंदराबाईंची कुआद्रिया.

रोसाल्बाचा चेहरा उतरला. तिनं विचारलं, यांचा म्होरक्या कोण? मी सरळ मराठी केलं, “मावशी, तुमचा मुकादम कोण?”

“मुकादम?” सुंदराबाई ताडकन उभ्या राहिल्या. “मुकादम कायचा वं? आमी काय कोनाच्या टोळीतल्या हावो? कोनं सांगतलं तुले?”

कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं होतं. रोसाल्बाच्या गावी कुआद्रिया म्हणजे मुकादमानं मजुरीवर आणलेली टोळी, हे मला आता तिच्याकडून कळलं. आणि सुंदराबाईंचा राग बघून तिला वाटलं, या काहीतरी लपवताहेत. तिनं पिशवी खांद्याला लावली. या बायकांचं मेक्सिको माझ्या एका शब्दानं ओसरीतच बुडत होतं.

भगवंतराव कुजबुजले, “अगं, ग्रुप म्हण ना! काय फरक पडतो?”

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते अंगणात गाडी बघायला निघून गेले. ग्रुप तर बसस्टॉपवर उभ्या माणसांचाही होतो. संघ म्हणावं तर या कोणाशी खेळत नव्हत्या. संस्था म्हणावं तर नोंदणी नाही. मी रोसाल्बाला म्हटलं, थांबा, शब्द माझा चुकलाय, यांचा नाही. आणि सुंदराबाईंसमोर जमिनीवर बसले.

“मावशी, रागावू नका. तुम्ही एकत्र काम कशा करता, ते मला सुरुवातीपासून सांगा.”

“त्यात काय सांगाचं?” त्या अजून घुश्शातच होत्या. “आज हिच्या वावरात, उद्या माह्या वावरात, परवा तिच्या. मजुरी ना घेनं ना देनं. ते माह्याकडे आली, का मी तिच्याकडे जातो.”

“याला काय म्हणता?”

“काई नाई म्हनत. जातो फक्त.”

पुस्तकी मराठीत याला सावड म्हणतात, हे मला माहीत होतं. पण स्पॅनिशमध्ये? मला शब्द येत नव्हता. मग मी नाद सोडला आणि त्या बोलल्या तसं, वाक्यामागे वाक्य, रोसाल्बाला सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली.

“मानो बुएल्ता,” ती हळूच म्हणाली. फेडलेला हात.

तिच्या गावात हेच होतं. इतकं सरळ नाव! मी हरखून बायकांना सांगितलं आणि त्या खुदखुदल्या. आता झालंच, असं मला वाटलं. पण रोसाल्बा भलतीच चौकस. कोपऱ्यात भिंतीला टेकलेल्या लीलाबाईंकडे तिचं लक्ष गेलं. त्यांच्या हातात खुरपं नव्हतं. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला.

“या कोणता हात फेडतात?”

हे मराठीत सांगायला माझी जीभ उचलेना. पण दुभाष्यानं वगळायचं नसतं. मी सांगितलं. लीलाबाईंनी पदरानं तो हात झाकला.

“मले लकवा मारला,” त्या म्हणाल्या. “दोन सालापासून मी कोनाकडेच गेलो नाई. ह्या माह्यं वावर निंदून देतात. आजबी माह्यंच वावर निंदाचं हाये. नाव घालू नका माह्यं, बाकीच्यायले न्या.”

“तू चूप राय वं!” सुंदराबाई उसळल्या. “सांग तिले. माही पोरगी माया झाली तवा मी उठू नोती शकत. पाऊस डोक्यावर, वावरात गवत माजलं. हे लीला रोज आपलं टाकून माह्याकडे येत होती. तो हात अजून माह्यावर हाये. अन् नसता तरी काय झालं असतं? कोन मोजून राहिलं?”

मी शब्दन् शब्द सांगितला. 

रोसाल्बा लीलाबाईंजवळ सरकली. मग म्हणाली, “आमच्याकडे मोजायला लागले. आधी म्हाताऱ्या गळल्या, मग आजारी, मग सगळंच मोडलं. माझी आई घरात बसून वाट बघायची, कोणीच आलं नाही. आता मजूर आणतो. मानो बुएल्ता हे नाव तेवढं राहिलंय.”

बायकांना ते कळल्यावर एकीनं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती उठली, चपला काढल्या आणि जास्तीचं खुरपं आहे का, असं खुणेनं विचारलं.

लीलाबाईंच्या वावरात कपाशी गुडघ्याला लागत होती. रोसाल्बा निंदणाच्या एका पातीला बसली ती उठेचना. आमच्या काळ्या मातीचा चिखल तिच्या पायांना चिकटला, पण गवत ती मुळासकट काढत होती. मीही एक पात धरली. त्यात कपाशीची दोन झाडं उपटल्याबद्दल मला शिव्या बसल्या. लीलाबाई बांधावर बसून सगळ्यांना पाती वाटून देत होत्या.

ऊन कलल्यावर रोसाल्बा कंबर धरून उभी राहिली. अकोल्याला जायचंच आहे, भेटायला म्हणून, असं तिनं मला सांगितलं. निवड मात्र झाली होती. ती बायकांना सांगणार, तेवढ्यात सुंदराबाईंनीच मला हाक मारली.

“पोरी, तिले इचार, त्यायच्याकडे निंदन कवा असते?”

“कशाला?”

“आता तिचा हात आला ना आमच्यावर! फेडाले जा लागन.”

मी विचारलं. रोसाल्बा हसता हसता डोळे पुसायला लागली. जुलैत, म्हणाली. सगळ्यांनी या.

“सगळ्या?” बांधावरून लीलाबाईंनी विचारलं. “मी काय करू येऊन? माह्या हातानं तं...”

“ते बाई आज राबली कोनाच्या वावरात?” सुंदराबाई म्हणाल्या. “तुह्याच ना? मंग सगळ्यात पयले तुलेच जा लागन.”